साडेचार ते साडेसात

श्रोतेहो, नमस्कार.

मध्य रेल्वेची कर्जतकडे जाणारी लोकल कल्याण सोडल्यावर विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ अशी स्थानके घेत बदलापूरला पोहोचते, तेव्हा छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ६८ किलोमीटरचे अंतर मागे पडलेले असते. या गावात मी १९९८ पासून राहते. त्याआधी आमचे बिऱ्हाड लालबागच्या चाळीत होते. दहा बाय बाराची एक खोली, तिच्यात सासू-सासरे, दीर, आम्ही दोघे आणि दोन वर्षांची मुलगी. सासरे गिरणी कामगार. १९८२ च्या संपानंतर त्यांची गिरणी पुन्हा कधी धड चालली नाही, आणि मुंबईत दुसरी खोली घेणे आमच्या दोघांच्या पगारात बसत नव्हते. बदलापूरला मात्र त्याच पैशांत स्वतंत्र स्वयंपाकघर, गॅलरी आणि खिडकीतून दिसणारा डोंगर मिळत होता. आम्ही आलो, तशी हजारो कुटुंबे आली. २००१ च्या जनगणनेत सुमारे ९८ हजार असलेली इथली लोकसंख्या २०११ मध्ये १ लाख ७४ हजारांवर गेली होती.

परवडणाऱ्या घराविषयी बोलताना आपण दर चौरस फुटाचा भाव विचारतो, कर्जाचा हप्ता विचारतो. मी आज ज्याविषयी बोलणार आहे, तो हिशेब कोणत्याही करारनाम्यात लिहिलेला नसतो. नोकरी मुंबईत असेल, तर दारातून दारापर्यंत जाण्यास दोन तास आणि येण्यास दोन तास लागतात. महिन्याचे पंचवीस दिवस धरले, तर हे शंभर तास होतात. हे तास ज्याच्या नावावर घर आहे त्याचे जातात, तसेच घरात वाट पाहणाऱ्यांचेही जातात, आणि त्यांतही सर्वांत नाजूक वेळ असते ती दुपारी साडेचारपासून संध्याकाळी साडेसातपर्यंतची. शाळा सुटलेली असते, मूल घरी आलेले असते, आणि आई-वडील दोघेही अजून कार्यालयात किंवा गाडीत असतात. माझ्या मते वस्ती कुटुंबासाठी चांगली आहे की नाही, हे या तीन तासांत तिथल्या मुलांचे काय होते, यावरून ठरवावे.

गाडीचे थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण बाहेरच्या माणसाला वाटते की फास्ट लोकल पकडली म्हणजे झाले. कल्याणपर्यंत फास्ट आणि स्लो गाड्यांचे मार्ग वेगळे आहेत. कल्याणच्या पुढे कर्जतच्या बाजूला मात्र जाण्याचा एक आणि येण्याचा एक असे दोनच मार्ग आमच्या वाट्याला आले, आणि त्यांवरूनच पुण्याकडे जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्याही धावतात. एखादी एक्स्प्रेस उशिरा आली, की तिच्यामागे लोकल थांबते, आणि लोकल थांबली, की कोणाच्या तरी पाळणाघराची वेळ टळते. कल्याण ते बदलापूर तिसरी आणि चौथी मार्गिका टाकण्याच्या प्रकल्पाला २०१९ मध्ये मंजुरी मिळाली. आम्ही त्या मार्गिकांची वाट पाहतो, ती आमचे मूल दिवसातून अर्धा तास तरी अधिक आमच्याजवळ असावे म्हणून. सकाळी बसायला जागा मिळावी यासाठी अंबरनाथची माणसे उलट दिशेने बदलापूरला येतात आणि तीच गाडी पकडून परत जातात. त्यावरून वाद होतात, पण दीड तास उभ्याने जाण्याचा थकवा ज्याने अनुभवला आहे, त्याला त्यांचा राग येणार नाही. ९ जून २०२५ रोजी दिवा आणि मुंब्रा या स्थानकांदरम्यान गर्दीच्या लोकलच्या दारातून पडून प्रवाशांचे जीव गेले. त्या दिवशी आमच्या इमारतीतल्या प्रत्येक घराने आपापल्या माणसाला फोन लावला.

आता त्या तीन तासांकडे येते. आम्ही राहायला आलो तेव्हा सासू-सासरे लालबागलाच थांबले होते, आणि मला मुलीला कोठे ठेवावे हे कळत नव्हते. तिसऱ्या मजल्यावर एक काकू होत्या. त्यांनी आपणहून सांगितले की किल्ली माझ्याकडे ठेवा. त्यांच्या दारामागे खिळ्यांची एक पट्टी होती आणि तिच्यावर चार घरांच्या किल्ल्या टांगलेल्या असत. पुढे मुलगी शाळेत जाऊ लागली, तेव्हा ती घरी येताच आधी काकूंकडे जाई, हातपाय धुई, काहीतरी खाई, आणि मग किल्ली घेऊन खाली खेळायला जाई. काकूंनी कधी पैसे घेतले नाहीत. मी दर सणाला साडी देत असे, आणि तेवढ्याने फिटणारे ते ऋण नव्हते, हे तेव्हाही मला समजत होते.

२६ जुलै २००५ ला मी फोर्टमधल्या कार्यालयात होते आणि यजमान कुर्ल्याला. गाड्या बंद, फोन बंद, उल्हास नदी पात्र सोडून पश्चिमेकडच्या वस्त्यांत शिरलेली. आमची इमारत पूर्वेला उंचावर असल्यामुळे वाचली, पण हे मला दोन दिवस ठाऊक नव्हते. तिसऱ्या दिवशी मिळेल त्या वाहनाने आणि उरलेले पायी असे मी घरी पोहोचले, तेव्हा काकूंच्या बाहेरच्या खोलीत पाच घरांची सात मुले एका सतरंजीवर पत्ते खेळत बसली होती. त्यांना दोन्ही रात्री खिचडी मिळाली होती, आणि आपापल्या आया येणार आहेत, हे कोणीतरी त्यांना खात्रीने सांगितले होते. नऊ वर्षांची माझी मुलगी रडली नव्हती. मी मात्र दारातच बसून रडले.

म्हणून नवे घर पाहायला येणाऱ्यांना मी काही गोष्टी आवर्जून सांगते. महारेराचा, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक आणि चटईक्षेत्र, म्हणजे घराच्या आतली वापराची जागा, तर पाहाच, पण नदीच्या बाजूला घर घेत असाल, तर जागा पूररेषेच्या आत आहे का, हेही विचारा. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची ती लाल. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना सोडवण्यासाठी होड्या आणाव्या लागल्या, हे विसरू नका. स्टेशनपासूनचे अंतर रविवारी दुपारी मोजू नका. आठवड्याच्या मधल्या दिवशी, रात्री आठ वाजता, शेअर रिक्षाच्या रांगेत उभे राहून मोजा. रस्त्यावर दिवे आहेत का, ते त्याच वेळी दिसेल.

आणि शक्य झाले, तर संध्याकाळी पाच वाजता इमारतीच्या आवारात अर्धा तास बसा. मुले खाली खेळत आहेत का, एखादी आजी कठड्याशी बसून त्यांच्यावर लक्ष ठेवून आहे का, वॉचमनला मुलांची नावे ठाऊक आहेत का, हे पाहा. संपूर्ण आवार गाड्या उभ्या करण्यासाठी दिले असेल, तर मुले रस्त्यावर तरी जातील किंवा घरात मोबाईल घेऊन बसतील. आमच्या सोसायटीने एका सर्वसाधारण सभेत बराच वाद घालून मागचा तुकडा मोकळा ठेवला. त्यामुळे काही दुचाकी बाहेर लावाव्या लागतात, आणि त्यावरून आजही नाराजी आहे; पण तो निर्णय योग्य होता, असे मला ठामपणे वाटते.

शेजाऱ्यांच्या भलेपणावर सारे सोडणेही बरोबर नाही. नव्या इमारतींत माणसे भाड्याने येतात, अकरा महिन्यांनी जातात, आणि काकूंसारख्या घरी असणाऱ्या स्त्रिया आता स्वतःच नोकरीला जातात. स्टेशनजवळ, रात्री साडेआठपर्यंत चालणारी, तपासणी होत असलेली पाळणाघरे हवीत. प्रत्येक प्रभागात मुलांसाठी वाचनालय आणि मैदान हवे. नगरपालिकेच्या अंदाजपत्रकावर हरकती आणि सूचना मागवल्या जातात, तेव्हा रस्ते आणि गटारांच्या बरोबरीने हे मागणारे अर्जही गेले पाहिजेत, आणि ते आपणच लिहायला हवेत.

काकू आता नाहीत. मी निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या सुनेने ती खिळ्यांची पट्टी मला आणून दिली. सध्या तिच्यावर तीन किल्ल्या आहेत. दुसऱ्या मजल्यावरचा चौथीतला मुलगा पावणेपाचला येतो, पोहे खातो, शाळेत काय झाले ते सांगतो आणि खाली पळतो. त्याची आई ठाण्याला नोकरी करते. संध्याकाळी तिचा फोन येतो, मागे गाडीचा आवाज असतो, आणि ती एवढेच म्हणते, "काकू, कल्याण सुटलं. माझा कुकर लावाल का?" मी तिची किल्ली काढते आणि एक जिना उतरून जाते.

नमस्कार.