आठ वर्षे अडलेला युद्धपट

रसिक मित्रांनो,

चित्रपटवेड्या मंडळींच्या गप्पांत युद्धपटांचा विषय निघाला, की ‘तो अमुक चित्रपट अजून का येत नाही?’ हा प्रश्न हमखास येतो. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी वैमानिकांवरच्या ‘मास्टर्स ऑफ द एअर’ या मालिकेबद्दल तो जगभर वर्षानुवर्षे विचारला गेला. ‘बँड ऑफ ब्रदर्स’ २००१ मध्ये आली, ‘द पॅसिफिक’ २०१० मध्ये आली, त्यांच्या जोडीच्या या तिसऱ्या मालिकेची घोषणा २०१३ मध्ये झाली आणि ती प्रत्यक्षात पाहायला मिळाली जानेवारी २०२४ मध्ये, तीही मूळ वाहिनी सोडून दुसऱ्याच कंपनीच्या ओटीटीवर. एवढ्या काळात त्या युद्धातले हयात वैमानिक नव्वदीच्या पुढे गेले होते आणि बहुतेक तर उरलेच नव्हते.

चित्रपट रखडला म्हणजे मधली वर्षे वाया गेली, असे आपण गृहीत धरतो. युद्धपटांच्या बाबतीत हे गृहीतक तपासून पाहावे, असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे. एलेम क्लिमोव्ह यांच्या ‘कम अँड सी’ या सोव्हिएत चित्रपटाच्या निमित्ताने आज ते करू. वाट कोण पाहत होते, कशामुळे पाहत होते आणि त्या काळात त्या माणसाच्या आत युद्धाचे काय होत होते, हे समजल्याशिवाय पडद्यावर जे दिसते त्याचे मोल पुरते कळत नाही.

काही विलंब चित्रीकरणाच्या जागीच घडतात. व्हिएतनाम युद्धावरच्या ‘अपोकॅलिप्स नाऊ’चे चित्रीकरण मार्च १९७६ मध्ये फिलिपिन्समध्ये सुरू झाले. काही आठवड्यांतच मुख्य नट बदलावा लागला, मे महिन्यात चक्रीवादळाने सेट उद्ध्वस्त केले आणि पुढच्या मार्चमध्ये नव्या नायकाला, मार्टिन शीनला, हृदयविकाराचा झटका आला. मार्कोस सरकारकडून घेतलेली हेलिकॉप्टरे बंडखोरांशी लढण्यासाठी मध्येच निघून जात. चित्रपट प्रदर्शित झाला तो ऑगस्ट १९७९ मध्ये. ही कथा रसिकांना तोंडपाठ असते, कारण ती रोमहर्षक आहे. परंतु त्याचे दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कपोला व्हिएतनाममध्ये लढलेले नव्हते. त्यांची ओढाताण चित्रपट हाती घेतल्यावर सुरू झाली. मला अधिक महत्त्वाची वाटते ती युद्ध स्वतः पाहिलेल्या माणसाने काढलेली प्रतीक्षा.

दिग्दर्शक सॅम्युएल फुलर दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या पहिल्या पायदळ डिव्हिजनमध्ये होते. उत्तर आफ्रिका, सिसिली, ओमाहा किनारा आणि अखेर फाल्केनाऊची छळछावणी, इतका पल्ला त्यांनी सैनिक म्हणून पार केला. आपल्या तुकडीवर चित्रपट काढण्याची योजना त्यांनी १९५० च्या दशकातच मांडली होती. ‘द बिग रेड वन’ आला १९८० मध्ये, आणि तोही निर्मात्यांनी कापून छोटा केलेला. वगळलेला सुमारे पाऊण तासाचा भाग जोडून तो २००४ मध्ये पुन्हा उभा करण्यात आला, तेव्हा फुलर जाऊन सात वर्षे झाली होती. दिग्दर्शक ऑलिव्हर स्टोन १९६७-६८ मध्ये व्हिएतनाममध्ये लढले, ‘प्लॅटून’ची पटकथा त्यांनी १९७६ मध्ये लिहिली आणि चित्रपट पूर्ण व्हायला १९८६ उजाडले. दोघांच्याही बाबतीत अडसर मुख्यतः पैशाचा आणि बाजाराचा होता.

आता ज्या चित्रपटासाठी मी हा विषय निवडला, त्याकडे येतो. बेलारूसमधल्या नाझी अत्याचारांत सापडलेल्या एका किशोराची कथा सांगणारा एलेम क्लिमोव्ह यांचा ‘कम अँड सी’ १९८५ मध्ये आला. क्लिमोव्ह यांचा जन्म १९३३ मध्ये स्टालिनग्राडचा. १९४२ मध्ये शहर जळत असताना आई आणि तान्ह्या भावासह त्यांनी वोल्गा ओलांडली. तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. पटकथेचे सहलेखक आलेस आदामोविच हे बेलारूसी लेखक किशोरवयातच नाझींविरुद्ध लढणाऱ्या पार्टिझनांत, म्हणजे गनिमी लढवय्यांत, सामील झाले होते. पुढे १९७० च्या दशकात त्यांनी दोन सहकाऱ्यांसह गावोगाव हिंडून, नाझींच्या जाळपोळीतून वाचलेल्या माणसांच्या साक्षी टेपरेकॉर्डरवर नोंदवल्या. कत्तल कशी होते, लोकांना एका कोठारात कसे कोंडतात, दार कसे लावतात आणि आग कुठून लावतात, हे त्यांना त्या माणसांच्या तोंडून कळलेले होते. बेलारूसमधल्या खातिन गावात २२ मार्च १९४३ रोजी १४९ माणसे अशीच मारली गेली. त्यांपैकी ७५ मुले होती. चित्रपटाच्या शेवटी पडद्यावर येणारा, रहिवाशांसह जाळलेल्या ६२८ गावांचा आकडा याच इतिहासातला आहे.

पटकथा १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात तयार होती आणि चित्रीकरणाची जुळवाजुळवही झाली होती. तेव्हा गोस्किनो या सरकारी चित्रपट खात्याने ते थांबवले. घाणीला सौंदर्याचा दर्जा दिला आहे, वास्तवाचे चित्रण नको तितके उघडे आहे, असे ठपके ठेवले गेले. सोव्हिएत पडद्यावर महायुद्धाला तोटा नव्हता, पण अधिकाऱ्यांना त्यात विजयाची शान हवी होती. भीतीने थिजलेला, बघता बघता म्हातारा होणारा मुलगा त्यांना नको होता. क्लिमोव्ह यांना काटछाट करून मार्ग काढता आला असता. त्यांनी तडजोड नाकारली. रशियन राजदरबारातल्या रास्पुतिन या साधूवरचा त्यांचा ‘अगोनी’ हा चित्रपटही याच काळात डब्यात पडून होता. मायदेशात तो १९८५ मध्येच दाखवला गेला. म्हणजे नकाराची किंमत काय असते हे पुरते ठाऊक असताना त्यांनी नकार दिला.

प्रतीक्षेच्या या वर्षांत आणखी एक आघात झाला. क्लिमोव्ह यांच्या पत्नी लारिसा शेपित्को यांनी बेलारूसी पार्टिझनांवरच ‘द असेंट’ हा अप्रतिम चित्रपट केला होता आणि त्याला १९७७ मध्ये बर्लिन चित्रपट महोत्सवाचे सुवर्ण अस्वल हे सर्वोच्च पारितोषिक मिळाले होते. पुढच्या चित्रपटाच्या कामावर असताना २ जुलै १९७९ रोजी मोटार अपघातात त्यांचे निधन झाले. क्लिमोव्ह यांनी आधी पत्नीचा अपुरा चित्रपट पुरा केला आणि नंतर स्वतःचा अडलेला चित्रपट पुन्हा हाती घेतला. कलाकृतीत चरित्र शोधण्याची मला फारशी हौस नाही. तरीही ‘कम अँड सी’मध्ये शोकाला भाषणबाजीचा स्पर्शही झालेला नाही, यामागे हे अनुभवलेले दुःख असावे, असे मला वाटते.

परवानगी मिळाली तेव्हा जुने शीर्षक मात्र टिकले नाही. मूळ नाव होते ‘हिटलरला ठार करा’. शीर्षकात हिटलर चालणार नाही, असे ठरल्यावर बायबलमधल्या प्रकटीकरणाच्या सहाव्या अध्यायातले ‘ये आणि पाहा’ हे शब्द घेतले गेले. जुन्या नावाचा अर्थ शेवटच्या प्रसंगात शिल्लक आहे. फ्ल्योरा हा मुलगा चिखलात पडलेल्या हिटलरच्या तसबिरीवर गोळ्या झाडतो, प्रत्येक गोळीसरशी इतिहासाची चित्रफीत उलटी धावते, उद्ध्वस्त इमारती पुन्हा उभ्या राहतात, आणि आईच्या मांडीवरचा तान्हा हिटलर समोर येतो तेव्हा फ्ल्योराची बंदूक थांबते. मारण्याची पुरेपूर कारणे असलेला मुलगा तिथे थांबतो, म्हणून तो प्रसंग इतका खोल जातो.

फ्ल्योराची भूमिका करणारा अलेक्सेई क्राव्चेन्को १९६९ मध्ये जन्मला. चित्रपट ठरल्याप्रमाणे १९७७ मध्ये झाला असता, तर तो जेमतेम आठ वर्षांचा असता आणि फ्ल्योरा दुसऱ्याच कोणाच्या चेहऱ्याने आपल्याला पाहत राहिला असता. एका मित्राच्या सोबतीला म्हणून गेलेल्या या मुलाची निवड झाली आणि १९८४ मध्ये बेलारूसमध्ये सुमारे नऊ महिने, कथेच्याच क्रमाने, चित्रीकरण झाले. क्रमाने चित्रीकरण करणे निर्मितीच्या दृष्टीने महागात पडते, कारण एकाच जागेवरचे सगळे प्रसंग एकदम उरकता येत नाहीत. इथे ते आवश्यक होते: वाळूत बंदूक शोधत हसणारा पोरगा अखेरीस सुरकुतलेल्या चेहऱ्याने उभा राहतो, आणि तो बदल केवळ रंगभूषेचा नाही. काही प्रसंगांत खऱ्या गोळ्या झाडल्या गेल्याचे क्राव्चेन्को यांनीच पुढे सांगितले आहे. एका मुलाला अशा धोक्यात उभे करणे मला मान्य होण्यासारखे नाही, आणि चित्रपटाच्या थोरवीने ते झाकू नये.

म्हणजे सरकारी अडवणुकीचे आभार मानायचे का? मुळीच नाही. उशिरामुळे आपल्याला हा चेहरा मिळाला हे खरे, पण तो अधिकाऱ्यांनी दिलेला नाही. तो क्लिमोव्ह आणि आदामोविच यांच्या चिकाटीला मिळाला. अडवणुकीने काय हिरावले हेही दिसते. १९८६ मध्ये क्लिमोव्ह सोव्हिएत चित्रपटकर्मींच्या संघटनेचे प्रमुख झाले, डब्यात पडलेले इतरांचे अनेक चित्रपट बाहेर काढण्याच्या कामाला त्यांच्या कारकिर्दीत गती मिळाली, परंतु २००३ मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी स्वतः एकही नवा चित्रपट केला नाही. ऐन उमेदीची वर्षे परवानग्यांच्या खेट्यांत गेलेल्या दिग्दर्शकाकडून त्यानंतर आपण आणखी किती मागावे?

यापुढच्या चर्चेसाठी माझी एक विनंती आहे. ‘द असेंट’ आणि ‘कम अँड सी’ हे दोन्ही चित्रपट लागोपाठच्या दोन संध्याकाळी, याच क्रमाने पाहावेत. पहिला कृष्णधवल आणि बर्फातला, दुसरा रंगीत आणि चिखलातला. दोन्ही बेलारूसच्या त्याच युद्धाबद्दल आहेत. पहिल्याला अधिकाऱ्यांनी जाऊ दिले आणि दुसऱ्याला रोखले, याची कारणे त्या दोन चित्रपटांतच शोधता येतील, आणि ती शोधताना आपली चर्चा माझ्या व्याख्यानापेक्षा बरीच पुढे जाईल अशी मला खात्री आहे.