काउंटरखालचा खोका

स्क्रीनवर दिसतोय तो इंदूरचा सिल्व्हर मॉल, आरएनटी मार्गावरचा, इथे कॉम्प्युटरची बरीच दुकानं आहेत. आता काउंटरखालच्या त्या खोक्याकडे बघा, जुने वायफाय डोंगल, लॅपटॉपमधून काढलेली कार्डं, अँटेना मोडलेले राउटर, सगळं भंगारात जायच्या रांगेत.

लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच, पण फुकट आणि खुली ऑपरेटिंग सिस्टम, आणि ड्रायव्हर म्हणजे तिला एखादी चिप चालवायला शिकवणारा प्रोग्राम. यातलं काही लिनक्सचे ड्रायव्हर लिहिणाऱ्यांच्या कामाचं असू शकतं, पण त्यांना हे सामान पाठवा म्हटलं तर लोकांना पटत नाही, त्यापेक्षा पैसे पाठवू का विचारतात. पैसे ठीकच हो, पण ज्या चिपची तांत्रिक माहितीच कंपनी देत नाही ती हातात नसेल तर ड्रायव्हर चालतो की नाही हे कळणार कसं? वायफाय चिप बनवणाऱ्या ब्रॉडकॉम कंपनीचंच घ्या ना, माहिती मिळेना म्हणून काही जणांनी कंपनीचाच ड्रायव्हर उलगडून चिप कशी चालते ते लिहून काढलं, आणि दुसऱ्यांनी फक्त ते टिपण वाचून नवा कोड लिहिला, म्हणजे नक्कल केली असं कोणी म्हणायला नको. त्यातून बी४३ ड्रायव्हर झाला, २००८ मध्ये कर्नल (म्हणजे लिनक्सचा गाभा) २.६.२४ सोबत आला. ब्रॉडकॉमने स्वतःचा ओपन, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेला, ड्रायव्हर दिला तो २०१० मध्ये! बी४३ आणि नंतर रियलटेक या दुसऱ्या चिप कंपनीच्या ड्रायव्हरांवर वर्षानुवर्षं राबलेले लॅरी फिंगर २०२४ मध्ये वारले.

आता हे दोन डोंगल बघा. दोन्ही टीपी-लिंकचे, दोन्हींवर एकच नाव, टीएल-डब्ल्यूएन७२२एन. पण पहिल्या व्हर्जनमध्ये अ‍ॅथेरॉसची एआर९२७१ चिप, दुसऱ्यात रियलटेकची, म्हणजे ड्रायव्हरच वेगळा. म्हणून नुसतं मॉडेल सांगून भागत नाही, डोंगल लावायचा, लिनक्सच्या टर्मिनलमध्ये एलएसयूएसबी (lsusb) ही कमांड मारायची आणि जो आयडी येईल (पहिल्याचा ०सीएफ३:९२७१) तो चिकटपट्टीवर लिहून डोंगललाच लावायचा.

आणि भिया, आधी विचारा! कर्नलच्या सोर्स कोडमध्ये मेंटेनर्स (MAINTAINERS) नावाची फाइल असते, कोणता ड्रायव्हर कोण सांभाळतं ते ईमेलसकट तिथे मिळतं. न विचारता धाडलं आणि समोरच्याकडे तीच चिप आधीच असली तर टपालखर्च वाया, आणि परदेशी पार्सलचा खर्च जुन्या डोंगलच्या किमतीपेक्षा सहज जास्त होतो, त्यामुळे रामबाग, सुदामानगर, जिथे कुठे चार जणांकडे असलं सामान पडलंय त्यांनी मिळून एकच पार्सल करावं. कस्टमच्या फॉर्मवर 'वापरलेलं' असं स्पष्ट लिहा. राउटर असेल तर रीसेट करा, घरचा पासवर्ड असतो त्यात.

पार जळालेलं मात्र पाठवू नका, ते भंगारवाल्यालाच द्या.