ऑइलचा लाल दिवा आणि चेपलेलं चेंबर

कराडच्या बाहेर हायवेला लागून असलेलं हे साधंसं गॅरेज, आणि जॅकवर उचललेली ही जुनी अल्टो, 796 सीसीची, तीन सिलेंडरवाली. पाटणकडून येताना मीटरवर लाल दिवा लागला, तेलाच्या बुधलीसारखं चिन्ह असतं ना, तोटीतून थेंब टपकतोय ते. मालकांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि टो करून इथे आणली. टोचे पैसे गेले म्हणून ते जरा कुरकुरतायत, पण इंजिन वाचलं असेल तर त्या पैशांतच वाचलंय.

कारण हा दिवा ऑइल किती आहे ते सांगतच नाही. बहुतेकांना वाटतं ऑइल थोडं कमी झालंय, पुढच्या पंपावर टॉपअप करू. पण इंजिनवर एक छोटा स्विच असतो, त्याला फक्त प्रेशर कळतं, आणि प्रेशर साधारण पाव-अर्ध्या बारच्या (बार म्हणजे प्रेशरचं माप) खाली गेलं की तो दिवा लावतो. म्हणजे दिवा लागला तेव्हा प्रेशर जवळपास संपलेलं असतं. क्रँक, म्हणजे इंजिनचा फिरणारा मुख्य दांडा, आणि तो ज्यांत फिरतो त्या बेअरिंग यांच्यामध्ये ऑइलचा एक पातळ थर असतो, दोघं एकमेकांना टेकतच नाहीत, तो थर गेला की लोखंडावर लोखंड, मग आधी टकटक आवाज, आणि नंतर इंजिन जाम. म्हणून दिवा दिसला की बंद करायचं, "दोनच किलोमीटर राहिलंय" वगैरे मनात सुद्धा आणायचं नाही.

मिस्त्रींनी पहिल्यांदा ऑइलची पट्टी काढली. पुसली, परत घातली, परत काढली. लेव्हल बरोबर मधोमध. मग बोटावर घेऊन वास घेतला, पेट्रोलचा वास नाही, म्हणजे ऑइल पातळ पण झालेलं नाही. खाली कुठे गळती नाही.

इथे मालक म्हणाले, "दादा, सेन्सर गेला असेल, बदलून टाका ना."

"बदलतो की साहेब, पण आधी गेला का ते तर बघू."

आणि मला वाटतं या अख्ख्या व्हिडिओत बघण्यासारखं हेच आहे. स्विच स्वस्त असतो आणि कधी कधी खरंच तोच गेलेला असतो, वायरच्या टोकाला ऑइल पाझरलेलं दिसतं, त्यामुळे बरेच जण डोळे झाकून तोच बदलतात आणि गाडी हातात देतात, दिवा तेवढ्यापुरता लागला नाही की सगळे खूश, आणि आठवड्याने बेअरिंगची टकटक घेऊन गाडी परत दारात. इथे तसं नाही झालं. मिस्त्रींनी चावी ऑन करून स्विचची वायर काढली, दिवा विझला. वायर बॉडीला टेकवली, दिवा लागला. म्हणजे वायरिंग ठीक. वायर काढल्यावरही दिवा चालूच राहिला असता तर वायर कुठेतरी घासून बॉडीला लागलीय असा अर्थ.

आता हा गेज बघा. स्विच काढायचा आणि त्याच आट्यात हा हातातला प्रेशर गेज बसवायचा, एवढंच काम आहे, पण कितीतरी गॅरेजमध्ये हा गेज नसतोच, आणि मग सगळा अंदाजपंचे कारभार. गाडी चालू केली, गरम होऊ दिली. आयडलला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, काटा 1 बारच्या जवळ, वाईट नाही. मग मिस्त्रींनी हळूहळू रेस दिली, आणि इथे काटा नीट बघा, वर जायच्या ऐवजी थरथरायला लागला आणि खाली पडला, पार पाव बारच्या खाली, आणि तिकडे मीटरवर दिवा पेटला.

मिस्त्रींनी लगेच चावी फिरवली आणि हसले. रोग सापडला होता.

झिजलेलं इंजिन असतं ना, ते बरोबर उलटं वागतं. बेअरिंग सैल झाली असतील तर गरम इंजिनला आयडलवर दिवा मिणमिणतो, सिग्नलला उभं राहिल्यावर, आणि जरा रेस दिली की विझतो, कारण इंजिनमधला ऑइलचा पंप जोरात फिरला की गळती भरून निघते. पण आयडलला बरं आणि रेस दिली की प्रेशर पडतं, याचा अर्थ बहुतेक वेळा पंपाला मागून ऑइलच पुरत नाहीये. जास्त फिरला की जास्त मागतो, आणि मिळते ती हवा.

"गाडी खालून कुठे लागली होती का?"

मालक आधी नाही म्हणाले. मग आठवलं, घाटाच्या अलीकडे रस्त्याचं काम चालू होतं, एका दगडावर खालून धप्पकन आवाज आला होता, पण ऑइल गळलं नाही म्हणून सोडून दिलं.

आता कॅमेरा खाली. हे चेंबर, इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं ते, पत्र्याचं, आणि हा त्याला पडलेला पोचा, फुटलेलं नाही, नुसतं आत गेलंय. आत पंपाची जाळी तळापासून अगदी थोड्या अंतरावर असते, शेवटचं ऑइल पण ओढता यावं म्हणून. पत्रा वर आला आणि जाळीला टेकला. शहाळ्यातली स्ट्रॉ तळाला चिकटली की कसं होतं, तसंच.

ऑइल काढलं, चेंबर उतरवलं. जाळीच्या एका बाजूला चक्क पोच्याचा ठसा होता, आणि वर काळा चिकट गाळ पण होता थोडा, म्हणजे नुसता दगडच नाही, ऑइल बदलायला झालेला उशीर पण यात भागीदार. जाळी धुतली, पंपाकडे जाणाऱ्या नळीचं सील नवीन टाकलं, कारण ते कडक झालं असेल तर तिथून हवा ओढली जाते आणि परत तीच कहाणी. पोचा ठोकून काढता आला असता, पण मिस्त्रींनी दुसरं चेंबर मागवलं, ठोकलेल्या पत्र्याची कड वाकडी झाली की गळती लागते म्हणाले. चेंबरच्या कडेला गळती थांबवणारं सिलिकॉन लावताना मात्र त्यांचा हात फार सांभाळून चालला होता, बारीक रेघ, बस. जास्त लावलं की ते आतल्या बाजूला निघतं, तुकडे सुटतात आणि जाऊन बसतात त्याच जाळीत. असलं आधीचं काम त्यांनी बरंच निस्तरलंय वाटतं, कारण यावर ते खूप वेळ बोलत होते, सगळं व्हिडिओत नाही ठेवता आलं.

नवीन फिल्टर, जवळपास तीन लिटर ऑइल, गेज अजून जागेवरच. स्टार्ट. गरम झाल्यावर आयडलला 1 च्या थोडं वर, आणि रेस दिल्यावर काटा सरळ 3 च्या पुढे, न थरथरता. मग गेज काढून जुनाच स्विच परत बसवला.

मालकांनी विचारलं, आता बिनधास्त ना? मिस्त्री म्हणाले, 500 किलोमीटरने आणा, हा फिल्टर काढून कापून बघू, कागदाच्या घड्यांत चमचम दिसली तर बेअरिंगला लागलंय, मग खालून इंजिन उघडावं लागेल, आणि नाही दिसली तर नवा फिल्टर टाकून देतो, त्याचे फक्त फिल्टरचेच पैसे द्या.