दोन ठसे, मधलं अंतर

नमस्कार श्रोतेहो.

मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्स, ही काय चीज आहे हे सोलापुरातल्या कॉलेजच्या पोरांना सांगावं लागत नाही. मी आज बोलणार आहे मांगावरून सुचलेल्या मुद्राचित्रांबद्दल, म्हणजे ठसा कोरून कागदावर छापलेल्या चित्रांबद्दल, आणि त्यांत दिसणाऱ्या समलिंगी ओढीबद्दल.

१९७०च्या दशकात मोतो हागिओ, केइको ताकेमिया या तरुण चित्रकर्तींनी मुलींच्या मासिकांतून मुलामुलांच्या प्रेमाच्या कथा रेखाटल्या. हागिओंच्या १९७४ सालच्या ‘थॉमसचं हृदय’मध्ये थॉमस सुरुवातीलाच जातो, मागे राहतं एक पत्र. मग ज्याच्या नावे ते पत्र आहे, त्याची घालमेल. चेहरे चौकटी ओलांडून पानभर पसरतात आणि जे ओठांवर येत नाही ते कोऱ्या जागेत राहतं.

लिनोवर, म्हणजे ठसा कोरायच्या लिनोलियमच्या मऊ तुकड्यावर, काम करणाऱ्याला ही कोरी जागा स्वतः कोरावी लागते. जे पांढरं हवं तेच कोरणीनं काढायचं. उरेल त्याला शाई लागते. दोन पुरुष शेजारी उभे आहेत, मध्ये बोटभर अंतर. ते अंतर सोडून देता येत नाही, चिंचोळ्या पात्यानं हळूहळू खणावं लागतं. आपल्या चादरीच्या जॅकार्डमध्येही, म्हणजे भोकांच्या कार्डांवरून नक्षी विणणाऱ्या मागातही, तसंच, कार्डाला भोक असेल तिथंच दोरा उचलला जातो.

आता त्या दोघांना दोन वेगळ्या ठशांवर कोरा, दोन रंगांत. जपानी लाकडी ठशाला कागद टेकवायला खाच असते, तिला केंतो म्हणतात. तिच्यामुळे रंग नेमका जागेवर बसतो. प्रयोग करणारा कागद मुद्दाम जरासा सरकवतो. मग एका प्रतीत हाताला हात लागतो, दुसरीत थोडक्यात हुकतो. तांत्रिक चूक म्हणून टाकून द्यावी अशी ही प्रत मला सगळ्यांत खरी वाटते. भेट होता होता राहणं कितीतरी जणांनी आयुष्यभर सोसलंय.

६ सप्टेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयानं संमतीच्या समलिंगी संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला. घरात आईसमोर तोंड उघडणं मात्र अजून तितकंच अवघड आहे. अशा पोरापोरींना माझं सांगणं आहे, लिनोचा तुकडा, कोरणी, शाई, रोलर एवढं पुरतं. यंत्र नसलं तरी चालतं, चमच्याच्या पाठीनं कागद घासून छाप उठतो. आणि खाली सही करायलाच हवी, असा काही नियम नाही.