लघवी तुंबवून नेऊ नका

[दृश्य: मिरज. सोनोग्राफीच्या खोलीबाहेर व्हीलचेअर, बाजूला लटकणारी युरोबॅग (लघवीची पिशवी).]

‘लघवी तुंबवून या.’ सोनोग्राफीच्या चिठ्ठीवर ही सूचना सरसकट असते. जत-आटपाडीहून पहाटे निघालेले, मज्जारज्जूला इजा झालेल्या रुग्णाच्या घरचे लोक ती इमानेइतबारे पाळतात आणि गाडीतच कॅथेटरला, म्हणजे लघवीच्या नळीला, चिमटा लावतात. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा वर मज्जारज्जूला इजा असेल, तर हे धोक्याचं. मूत्राशय ताणलेलं रुग्णाला कळत नाही, पण इजेखालच्या रक्तवाहिन्या आवळतात आणि बीपी उसळतं. डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, इजेच्या वर घाम फुटतो.

[दृश्य: बीपीचा आकडा, जवळून.]

अशा रुग्णाचं रोजचं वरचं बीपी बऱ्याचदा ९०–१०० असतं. यंत्रावर १३५ दिसलं की ‘नॉर्मल आहे’ म्हणून मोकळे होतात. त्याच्यासाठी ते नॉर्मल नाही; नेहमीपेक्षा २० ते ४० ने चढलं की हा त्रास सुरू झाला समजावं. म्हणून रोजचं बीपी चिठ्ठीवरच लिहून न्या. त्रास सुरू झालाच, तर आधी उठवून बसवा, पाय खाली सोडा. चिमटा काढा, नळीला पीळ पडलाय का बघा, नाडी-पट्टा सैल करा. दर दोन-पाच मिनिटांनी बीपी घ्या. वरचं १५० च्या पुढेच राहिलं तर डॉक्टरांना गोळी द्यावी लागते.

मूत्राशय भरायचंच असेल तर टेबलाजवळ, सिस्टर समोर असताना. तट्ट भरलेल्या मूत्राशयामुळे किडनीही फुगलेली दिसू शकते. रिकामं करून पुन्हा बघायला सांगा.

मूत्राशयात डाय (एक्स-रेत उठून दिसणारं औषध) सोडून एक्स-रे काढायचा असेल, तर लघवीचं कल्चर, म्हणजे जंतूंची तपासणी, आधी हवं. डाय अंगाइतका कोमट, आणि हळूहळू. गार डाय भसकन सोडला की मूत्राशय आवळतं, डाय नळीच्या कडेने बाहेर येतो.

शिरेतून डाय देताना क्रिएटिनिनवर, म्हणजे किडनीच्या नेहमीच्या रक्ततपासणीवर, विसंबू नका. स्नायू वाळलेले असल्याने किडनी अधू असूनही आकडा चांगला येतो. सिस्टॅटिन-सी ही रक्ततपासणी जास्त भरवशाची.

पोट साफ नसेल तर मुतखडा मळाच्या सावलीत लपतो. आदल्या रात्री जुलाबाचं औषध देऊन भागत नाही. या आतड्याची चाल मंद, औषध नेमकं टेबलावर लागू पडतं. दोन दिवस आधीपासून, नेहमीच्या वेळीच पोट साफ करा. उपाशीपोटी बोलावलं तरी बॅक्लोफेनची (स्नायूंचा ताठरपणा कमी करणारी) गोळी चुकवायची का, हे डॉक्टरांना आधी विचारा. ती अचानक बंद झाली की स्नायूंचे झटके वाढतात.

[दृश्य: एक्स-रेचं टेबल, टाचेखाली फोम.]

टेबल कडक असतं. माकडहाड आणि टाचांखाली फोम घाला. खिशातली किल्ली काढा, ती रुतलेली रुग्णाला जाणवणार नाही. घरी पोचल्यावर पाठ उघडून बघा. लाली अर्ध्या तासात गेली नाही, तर त्या अंगावर झोपवू नका.