दोन चिठ्ठ्या

नमस्कार, श्रोतेहो.

आमच्या फळबाग विषयात एक प्रात्यक्षिक परीक्षा अशी आहे, की तिचे गुण त्या दिवशी देताच येत नाहीत. विद्यार्थ्याने खुंटाच्या, म्हणजे ज्याच्या मुळावर कलम करायचं त्या रोपाच्या, सालीवर इंग्रजी टी अक्षरासारखी चीर द्यायची, साल दोन्ही बाजूंनी अलगद उचलायची, दुसऱ्या झाडाच्या काडीवरून काढलेला डोळा, म्हणजे फुटव्याची कळी, आत सरकवायचा आणि पट्टीने घट्ट बांधायचा. डोळा काढताना पानाचं पातं छाटतात, देठ मात्र ठेवतात. धरायला बरं पडतं म्हणून ठेवला असेल, असं विद्यार्थ्यांना वाटतं, आणि ते बरोबरही आहे. पण त्या देठाला आणखी एक काम असतं. दोन-तीन आठवड्यांनी जायचं आणि देठाला बोटाने नुसतं टोकायचं. टपकन गळला, तर डोळा जुळला. वाळून, सुरकुतून तिथेच चिकटून बसला, तर डोळा गेला. देठ गाळून टाकायलासुद्धा जिवंत ऊती लागते. मेलेल्याला तेवढंही जमत नाही.

दरवर्षी एखादा तरी डोळा उलटा भरतो. चाकू सफाईने चाललेला असतो, बांधणी सुरेख असते, आणि आत डोळा खाली डोकं वर पाय! गंमत म्हणजे तोही कधी कधी जुळतो. मग त्याचा फुटवा आधी जमिनीकडे निघतो आणि थोड्या वेळाने वळून वर येतो. अशा वेळी किती गुण द्यायचे, यावर आमच्या विभागात बरीच वर्षं वाद चालू होता.

उत्तर उशिरा मिळणं हा या विषयाचा स्वभावच आहे. परीक्षानळीत रंग बदलला की रसायनशास्त्राचा विद्यार्थी घरी जातो. आमचा विद्यार्थी हंगाम संपेपर्यंत थांबतो, आणि झाड असेल तर कित्येक हंगाम. तोवर सगळी भिस्त कशावर? दोन चिठ्ठ्यांवर. त्यांच्याबद्दलच आज बोलणार आहे.

पहिली चिठ्ठी मला नामुष्कीतून शिकायला मिळाली. पदव्युत्तर शिक्षण घेत होतो तेव्हाची गोष्ट. गव्हाला नत्राच्या चार मात्रा देऊन बघायच्या होत्या: हेक्टरी शून्य, ४०, ८० आणि १२० किलो. मी वाफे पाडले आणि मात्रा ओळीने लावल्या. शून्य पार टोकाला, १२० पाटाच्या कडेला. का, तर चालत जाताना पायऱ्या चढल्यासारखं पीक दिसेल, पाहुण्यांना दाखवायला बरं. आणि दिसलंही तसंच! काढणीनंतर आकडे कागदावर मांडले, तर रेष सरळ वर गेलेली. मी ती मोठ्या खुशीत सरांपुढे ठेवली.

सरांनी आकडे बघितलेच नाहीत. त्यांनी विचारलं, "पाणी कुठून येतं?"

"पाटातून, सर."

"आणि तुझा १२० चा वाफा कुठे आहे?"

पुढचं त्यांना बोलावं लागलं नाही. पण तेवढ्यावर सोडतील तर ते सर कसले! पुढच्या हंगामात त्यांनी मला त्याच पाटालगतच्या दुसऱ्या, खत न दिलेल्या पट्टीत गहू पेरायला लावला. सगळीकडे एकच वाण, एकच बियाणं, खत कुठेच नाही. काढणी मात्र वाफ्यावाफ्याने वेगळी करायची आणि वेगळी तोलायची. याला समरूपता चाचणी म्हणतात. पाटाकडचे वाफे तिथेही जास्त भरले. झिरपा, पाण्याबरोबर येणारा गाळ, खोल माती, कारण काहीही असो. जमीन मुळातच सारखी नव्हती. माझ्या त्या सुंदर रेषेत नत्राचा वाटा किती आणि पाटाचा किती, हे आता कोणीही सांगू शकणार नव्हतं. वर्ष वाया गेलं. सर म्हणाले, "गेलं नाही, फी भरलीस."

तिसऱ्या हंगामात पाटाला समांतर पट्टे आखले. प्रत्येक पट्ट्यात चारही मात्रा, म्हणजे पाटाजवळ असण्याचा फायदा मिळाला तर चौघींना मिळेल. आणि पट्ट्याच्या आत कुठली मात्रा कुठे, हे मी ठरवायचं नाही. चार चिठ्ठ्या करायच्या, घडी घालायची, डोळे मिटून उचलायच्या. ही पहिली चिठ्ठी. हल्ली संगणक उचलतो, पण चिठ्ठी तीच.

या चिठ्ठीला शास्त्रात मानाचं स्थान मिळवून दिलं रोनाल्ड फिशर यांनी. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रात ते १९१९ साली गणिती म्हणून आले. तिथे सत्तरहून अधिक वर्षांच्या पिकांच्या नोंदी साठल्या होत्या आणि त्यातून आणखी काही निघतं का, हे त्यांना बघायचं होतं. त्या नोंदींशी झगडताना आणि पुढे नवे प्रयोग आखताना त्यांची मांडणी तयार झाली: मात्रा पुन्हा पुन्हा लावा, सारख्या जमिनीचे गट पाडा आणि जागा दैवावर सोडा. आज औषधांच्या चाचण्यांत कुठल्या रुग्णाला कुठली गोळी हे यादृच्छिकपणे ठरतं, त्या रीतीची मुळं बरीचशी या शेतातच आहेत. हे वैद्यकीच्या मंडळींना सांगताना मला जरा जास्तच आनंद होतो, हे कबूल करतो.

माणसाची नजर किती पक्षपाती असते, हे वाफ्यात उतरल्याशिवाय पटत नाही. विद्यार्थ्याला सांगा, "या वाफ्यातली कुठलीही पाच झाडं मोज." तो प्रामाणिकपणे कुठलीही पाच निवडतो, आणि ती पाचही सरासरीपेक्षा उंच निघतात. लबाडी काही नाही. डोळा आपोआप ठसठशीत झाडाकडे जातो. म्हणून झाडं लहान असतानाच क्रमांकाने निवडून खुणा करून ठेवायच्या. नंतर त्यातलं एखादं खुरटलं, तरी तेच मोजायचं. कडेच्या ओळींचंही तसंच. त्यांना उजेड जास्त, जागा जास्त, शेजारी कमी, म्हणून त्या फुगतात. त्यांचं उत्पन्न हिशेबात धरायचं नाही. वाफ्यातलं सगळ्यात देखणं पीक बाजूला काढून ठेवताना पहिल्या वर्षाच्या मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

इतकं सगळं आम्ही वर्गात शिकवतो, त्यावर प्रश्न विचारतो, गुण देतो. दुसऱ्या चिठ्ठीला मात्र अभ्यासक्रमात धड एक तासही नाही. ती म्हणजे झाडाला बांधलेली, खुंटीवर लावलेली चिठ्ठी, आणि तिच्या मागे असलेली नोंदवही.

मला ती शिकवली प्रक्षेत्रावरच्या मामांनी. आम्ही संकर करायला निघालो होतो. फूल उमलायच्या आत चिमट्याने पुंकेसर काढायचे, दुसऱ्या झाडाचे परागकण स्त्रीकेसरावर लावायचे, कागदी पिशवी घालायची, चिठ्ठी बांधायची. मादी झाडाचं नाव आधी, मग फुली, मग नर झाडाचं नाव, खाली तारीख. माझ्या खिशातलं शाईचं पेन बघून मामा म्हणाले, "ते राहू द्या आत. शिसपेन्सिल आणलीय का?" नव्हती आणली. त्यांनी कानावरची स्वतःची काढून दिली. शाई पहिल्या पावसात ओघळते, उरलेली उन्हात उडते. शिसं म्हणजे ग्राफाइट, त्याला ना पाणी ना ऊन. फार वर्षं टिकवायची असेल तर मऊ ॲल्युमिनियमच्या पट्टीवर दाबून लिहायचं. शिसं पुसलं तरी खोबणी राहते.

चिठ्ठी चुकली तर काय होतं, याचं हनीक्रिस्प सफरचंदाइतकं बोलकं उदाहरण मला दुसरं माहीत नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात १९६० साली केलेल्या संकरातून ते आलं. मधे थंडीने इजा झाली म्हणून ते निकालात काढायचं ठरलं होतं. नंतर आलेले संशोधक डेव्हिड बेडफर्ड यांनी त्याच्या कलमांना आणखी एक संधी दिली. १९९१ साली वाण प्रसारित झालं आणि त्याच्या कुरकुरीतपणाने बाजार डोक्यावर घेतला. म्हणजे संकर ते प्रसारण, ३१ वर्षं. नोंदवहीत त्याचे आईबाप लिहिले होते, मॅकौन आणि हनीगोल्ड. पुढे डीएनए तपासला, तर दोघांचाही काही संबंध निघेना! एक पालक कीपसेक निघाला. दुसरा कोण, हे कळायला २०१७ उजाडलं. तो त्याच विद्यापीठाचं, कधीच प्रसारित न झालेलं, नुसत्या क्रमांकाचं एक झाड निघाला. फळाच्या चवीला याने काही फरक पडला नाही, मान्य. पण त्या गुणाची आणखी झाडं मिळवायला ज्याने वहीवर विश्वास ठेवून मॅकौन आणि हनीगोल्डचा संकर पुन्हा केला असता, त्याची किती वर्षं गेली असती, विचार करा.

सफरचंदाच्या खुंटांचा घोळ तर याहून जुना. झाड ठेंगणं ठेवायला पॅराडाइज नावाचे खुंट वापरत. पण एका रोपवाटिकेतला पॅराडाइज दुसरीतल्यासारखा नसे. एकाच नावाखाली अनेक प्रकार आणि एकाच प्रकाराला अनेक नावं. बागायतदार ठेंगणं झाड समजून लावायचा आणि डोक्यावर वृक्ष उभा राहायचा. इंग्लंडमधल्या वाय कॉलेजने १९१३ साली ईस्ट मॉलिंगला फळ प्रयोग केंद्र काढलं. तिथे रोनाल्ड हॅटन यांनी हे खुंट गोळा करून लावले, पारखले, निवडले, आणि त्यांची नावं काढून टाकून त्यांना क्रमांक दिले. आज जगभरच्या दाट लागवडीच्या बागांमध्ये जो एम-नऊ खुंट दिसतो, तो त्या यादीतला नववा. शोध म्हणावा असं यात वरवर काही दिसत नाही. नवं झाड निर्माण केलं नाही, नवं रसायन नाही. चिठ्ठ्या नीट लावल्या, बस. पण फळबागेच्या मांडणीत एवढा पालट घडवणारी कामं थोडीच सापडतील.

दोन्ही चिठ्ठ्यांची तुलना करायला मी पुन्हा रोथॅमस्टेडला जातो. तिथल्या ब्रॉडबाल्क शेतात जॉन लॉज आणि जोसेफ गिल्बर्ट यांनी १८४३ साली गव्हाचा प्रयोग सुरू केला आणि तो अजून चालू आहे. काही पट्ट्यांना शेणखत, काहींना वेगवेगळी रासायनिक खतं, एका पट्टीला काहीच नाही. पहिल्या चिठ्ठीच्या कसोटीवर हा प्रयोग नापास आहे. पट्ट्या शेजारी शेजारी, पुनरावृत्ती नाही, चिठ्ठी टाकून जागा ठरवलेली नाही. माझ्या त्या पाटाकडच्या गव्हाचाच थोरला भाऊ म्हणा. आजचा परीक्षक तो प्रबंध परत पाठवेल. पण त्यांनी दरवर्षीचा दाणा, पेंढा आणि वेळोवेळी माती बाटल्यांत, डब्यांत भरून, नावगाव लिहून ठेवली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी त्या जुन्या गव्हातून दोन रोगकारक बुरशींचा डीएनए काढला. दोघींपैकी कुठली केव्हा वरचढ होती, याचा मेळ हवेतल्या गंधक डायऑक्साइडच्या चढउताराशी बसला. १८४३ साली डीएनए म्हणजे काय, हे कुणाला ठाऊकही नव्हतं. ज्याने डब्यावर चिठ्ठी लावली, त्याला आपण कशाची सोय करतोय याची कल्पना नव्हती.

म्हणून मला आताच्या रीतीचा राग येतो. संशोधन प्रकल्पाला पैसे मिळतात तीन वर्षांचे. विद्यार्थ्याचा प्रबंध दोन हंगामांचा. फळझाड धडपणे फळावर येईतो प्रकल्प संपलेला, विद्यार्थी नोकरीला लागलेला, आणि बागेत खुंट्या उरलेल्या. बढतीच्या अर्जात किती शोधनिबंध हा रकाना असतो. "वीस वर्षं एका वाफ्याची नोंद चुकू दिली नाही" याला रकाना नाही. मी एका ठिकाणी स्वतः बघितलंय: जागा हवी होती म्हणून जुनी बाग एका दुपारी काढली, आणि वही कपाटात राहिली. आता त्या वहीतल्या क्रमांकांना झाडच नाही.

विद्यार्थी कधी कधी विचारतात, "सर, ज्याला निकाल बघायलाच मिळणार नाही, त्याने प्रयोग सुरूच का करायचा?" तेव्हा मी त्यांना विल्यम बील यांची गोष्ट सांगतो. ते मिशिगनच्या कृषी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. शेतकऱ्यांची साधी तक्रार होती: कितीही खुरपा, तण येतंच. बी जमिनीत टिकतं तरी किती? बील यांनी १८७९ साली २० बाटल्या घेतल्या. प्रत्येकीत ओलसर वाळू आणि त्यात २१ प्रकारच्या बिया, प्रत्येक प्रकारच्या ५०. बुचं लावली नाहीत. पाणी साठू नये म्हणून तोंड खाली, तिरपं करून बाटल्या पुरल्या. दर पाच वर्षांनी एक काढायची, असं ठरवलं. पहिल्या काही त्यांनी स्वतः काढल्या, आणि १९१० साली निवृत्त होताना काम पुढच्याकडे सोपवलं. पुढच्यांनी काटकसर करून अंतर आधी दहा आणि नंतर वीस वर्षांचं केलं. बाटल्या कुठे पुरल्यात त्याचा नकाशा एका पिढीकडून दुसरीकडे जातो, आणि जागा बाहेर सांगत नाहीत.

सोळावी बाटली २०२० सालची; महामारीमुळे ती २०२१ च्या एप्रिलमध्ये निघाली. रात्रीच खणतात, कारण उजेडाची एक तिरीप लागली तरी बी जागं होऊ शकतं आणि सगळी मोजणी बिघडते. बाकी जवळजवळ सगळ्या बिया केव्हाच संपल्यात. पण मॉथ मलीन नावाच्या पिवळ्या फुलांच्या एका तणाचं बी अजून रुजतं आहे, १४१ वर्षांनंतर.

चार बाटल्या अजून खाली आहेत. पुढची २०४० साली निघेल, शेवटची २१००. त्या शेवटच्या रात्री फावडं ज्याच्या हातात असेल, तो अजून जन्मायचा आहे.