आवाज न थांबवता

(पडदा पूर्ण काळा. फक्त हार्ड डिस्क फिरण्याचा आवाज.)

मिनिटाला ५४०० फेरे. लॅपटॉपमधली जुनी हार्ड डिस्क फिरते तेव्हा अशी घरघरते. ज्यांना पडदा दिसत नाही, त्यांना या घरघरीतून बरंच काही कळतं. मशीन सुरू झालं, फाईल उघडतेय, आता कुठेतरी अडकलंय. हीच डिस्क काढून तिच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरणारा भाग नसलेली डिस्क, बसवायची आहे. ती वेगवान असते, पण पूर्ण मुकी. आणि विंडोज, प्रोग्राम, सेटिंग्ज, सगळं जसंच्या तसं तिच्यावर न्यायचंय. यालाच क्लोनिंग म्हणतात.

क्लोनिंगची बरीच साधनं लॅपटॉप पेनड्राइव्हवरून सुरू करायला लावतात. मग विंडोज नाही, म्हणून पडदा वाचून दाखवणारे स्क्रीन रीडर नाहीत, एनव्हीडीए नाही, जॉजही नाही. पडद्यावर प्रश्न येतो, ‘या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, पुढे जायचं?’ आणि तो वाचून दाखवायला कुणी नसतं. हे धाडस कुणी करू नये, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून पहिली पसंती चालू विंडोजमधूनच क्लोन करण्याला. विंडोजमध्ये शॅडो कॉपी नावाची सोय आहे. ती ड्राइव्हची त्या क्षणाची स्थिती धरून ठेवते, त्यामुळे वापरात असलेल्या फाईलचीही नीट नक्कल होते. नवी एसएसडी यूएसबी केबलने किंवा एन्क्लोजरमधून, म्हणजे डिस्क ठेवायच्या यूएसबी डबीतून, बाहेरून जोडायची आणि या सोयीवर चालणारा प्रोग्राम वापरायचा. स्क्रीन रीडर सुरुवातीपासून शेवटपर्यंत बोलत राहतो.

प्रोग्राम निवडताना मात्र घाई नको. अनेक प्रोग्राम डिस्कचा रंगीत नकाशा काढतात आणि पार्टिशन, म्हणजे डिस्कचे भाग, माउसने ओढायला सांगतात. असा नकाशा बहुतेकदा नुसतं चित्र असतो, स्क्रीन रीडरला त्यात काहीच सापडत नाही. एसएसडी जोडण्याआधीच प्रोग्राम उघडा आणि टॅब दाबत पूर्ण फिरा. प्रत्येक बटणाचं नाव ऐकू येतंय का? यादीत डिस्कचं नाव आणि आकार बोलला जातोय का? एनव्हीडीए आणि आर दाबून पडद्यावरचा मजकूर ओळखता येतो, पण सगळी मदार त्यावर ठेवावी लागत असेल तर दुसरा प्रोग्राम शोधा.

(कीबोर्डचा आवाज.)

आता सगळ्यात नाजूक जागा. कुठल्या डिस्कवरून कुठल्या डिस्कवर? इथे उलटापालट झाली, तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर लिहिली जाते. आकारावर विसंबू नका. जुनी १ टीबी आणि नवी १ टीबी, विंडोज दोन्ही ९३१ जीबीच सांगतं. पॉवरशेल, म्हणजे विंडोजला आज्ञा टाइप करून द्यायची खिडकी, उघडा. एसएसडी जोडण्याआधी ‘गेट-डिस्क’ चालवा, जोडल्यावर पुन्हा चालवा. वाढलेला क्रमांक नव्या डिस्कचा. उत्तर तक्त्यात आलं तर रकाने कानाला गोंधळात टाकतात, म्हणून पुढे उभी रेघ (|), ‘फॉरमॅट-लिस्ट’ आणि तारा (*) जोडून सगळी माहिती एकाखाली एक ओळीत मागवा. त्यात बस टाइप, म्हणजे डिस्क कशाने जोडली आहे ते, ‘यूएसबी’ ऐकू आलं, की तीच नवी. सीरियल नंबर हवा तर तोही विचारता येतो, पण एन्क्लोजर कधी कधी स्वतःचाच नंबर पुढे करतं.

डिस्क बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्या एन्क्रिप्शनने, कुलूपबंद असेल तर बिटलॉकर आधी स्थगित करा आणि रिकव्हरी की जवळ ठेवा. नाहीतर पहिल्याच सुरुवातीला ४८ अंकांची ती की मागितली जाऊ शकते, तीही विंडोज सुरू होण्याआधी, म्हणजे तुमचा स्क्रीन रीडर जागा व्हायच्या आत.

(एक खालचा ‘टुक्’, मग थोडा वरचा.)

क्लोन सुरू झाला. एनव्हीडीए प्रगतीची पट्टी सुरांत सांगतो. शून्य टक्क्यांना ११० हर्ट्झ, शंभरला १७६०. चार सप्तकं. खर्जातून निघालेला सूर तारसप्तकाकडे चढत जातो आणि काम कुठवर आलंय ते न विचारता कळतं. तोवर दुसरं काही करायचं असेल, तर मागे चालू असलेल्या पट्ट्यांचाही आवाज द्यावा, असा पर्याय एनव्हीडीएच्या सेटिंगमध्ये चालू करा.

जुनी डिस्क खराब होत चालली असेल, तर विंडोजचा नाद सोडा. उबंटू या लिनक्स प्रणालीच्या लाइव्ह, म्हणजे थेट तिथूनच चालणाऱ्या, पेनड्राइव्हवर ऑल्ट, सुपर (विंडोज की) आणि एस एकत्र दाबले की ऑर्का हा तिथला स्क्रीन रीडर बोलू लागतो. तिथे ‘डीडीरेस्क्यू’ हा खराब डिस्कवरचा डेटा उचलणारा प्रोग्राम चालवा. आधी चांगला भाग उचलायचा, बिघडलेल्या जागांकडे नंतर वळायचं, अशी त्याची पद्धत. कुठवर आलो याची नोंद तो मॅप फाईलमध्ये ठेवतो, मध्येच वीज गेली तरी तिथूनच पुढे. फक्त मॅप फाईल वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवा, लाइव्ह सिस्टीममधल्या फाईली वीज जाताच नाहीशा होतात. अडचण एवढीच, की पेनड्राइव्ह निवडायचा बूट मेनू बहुतेक लॅपटॉपवर मुका असतो. तिथे बी माय आइजसारख्या ॲपवरून कुणा डोळस माणसाला फोनच्या कॅमेऱ्यातून पडदा दाखवावा. त्यात कमीपणा कसला?

(स्क्रू उघडण्याचा आवाज.)

डिस्क बदलणं हे बोटांचंच काम. सुरुवातीला लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही. साटा प्रकारच्या डिस्कच्या जोडाची आतली पट्टी एल आकाराची असते, अंगठ्याला लगेच कळते. उलटी बसत नाही. एम टू प्रकारची, पातळ पट्टीसारखी एसएसडी बहुतेकदा २२ मिलिमीटर रुंद आणि ८० लांब असते. कडेची खाच चाचपून ती तिरकी सरकवायची, हात सोडला की दुसरं टोक वर उचललेलं राहतं, ते हलकेच दाबून स्क्रू लावायचा. जुन्या डिस्कच्या नेमक्या जागी नवी बसवली, तर बूटचा क्रम सहसा बदलावा लागत नाही आणि त्या मुक्या मेनूचीही गाठ पडत नाही.

एक गोष्ट मात्र क्लोन सुरू करण्याआधीच हवी. साइन-इनच्या पडद्यावरही एनव्हीडीए सुरू व्हावा, ही सेटिंग. ती क्लोनसोबत नव्या डिस्कवर जाते.

(बटण दाबल्याचा आवाज. शांतता.)

घरघर नाही. मशीन सुरू झालं की नाही, हे सांगणारं काहीच नाही. थोडं थांबा.

(एनव्हीडीएचा आवाज: ‘पासवर्ड’.)

आत जा, पॉवरशेल उघडा आणि ‘गेट-फिजिकलडिस्क’ विचारा. एन्क्लोजरमध्ये असताना मीडिया टाइपच्या पुढे बहुतेकदा ‘अनस्पेसिफाइड’ ऐकू येतं. आता तिथे ‘एसएसडी’ ऐकू येईल. जुनी डिस्क महिनाभर तरी पुसू नका.